तोक मामत यांच्या नावाचे पत्र मी लिहिले

प्रति,
मा. जिल्हा शिक्षण अधिकारी,
जिल्हा शिक्षण कार्यालय, केलांतान राज्य, मलेशिया

विषय : माझी मुलगी वान सुराया हिला भुताने धरल्याबाबतचा अर्ज मागे घेणेबाबत.
संदर्भ : माझा दि. १२ जूनचा अर्ज

महोदय,

१. मी सुरायाचा बाप व गावच्या मशीद समितीचा चिटणीस. मे महिन्यात निवासी शाळेत सराव परीक्षा चालू असताना मुलीच्या पायांतले बळ एकाएकी गेले. पाठोपाठ अकरा मुली चक्कर येऊन पडल्या. इस्पितळात सगळ्या तपासण्या झाल्या, दोष काही निघाला नाही. डॉक्टरीणबाईंनी मनोविकार विभागाच्या नावे चिठ्ठी दिली. ती मी घरात कोणाला दाखवली नाही. भूत कोणाच्याही लेकीला धरते, त्यात कमीपणा नाही. मनाचा आजार म्हटला की तोंड दाखवायला जागा राहत नाही.

२. म्हणून मी झाडफूक करणारे बोमोह तोक मामत यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "चिटणीससाहेब, पोरीच्या अंगात कुणी नाही. घाबरलीय ती. इस्पितळात न्या." सदर सल्ला न रुचल्याने, शाळेच्या आवारातील देशी बदामावरचे भूत मुलीस लागले आहे, असे पत्र त्यांच्या नावाने मीच लिहिले, सहीही मीच ठोकली व ते १२ जूनच्या अर्जास जोडले. त्यावरून शाळेने झाड तोडले. त्यांची खरी सही ताडून पाहण्यासाठी सोबत जोडली आहे.

३. आता भूत अजून आहे म्हणून बाकीच्या मुलींचे आईबाप हटून बसले आहेत. भूत गेल्याचा बोमोहचा दाखला आणा, मगच सुरायाला परीक्षेला बसवू, असे मुख्याध्यापिका म्हणतात. तोक मामत म्हणतात, "जे आलंच नाही ते गेलं म्हणून कसं लिहू? तुम्हीच लिहा की! हात बसलाय तुमचा." मी मान खाली घालून परतलो.

४. गेल्या आठवड्यात मुलीस अखेर मनोविकार विभागात नेले. पाय लुळे पडणे हे सोंग नव्हे, त्रास खरा आहे, हळूहळू बरा होईल, असे तेथे सांगितले. वर्षभरात तिने तीनदा "मला घरी न्या" असा निरोप धाडला होता. मशिदीत लोकांना काय सांगू, म्हणून मी नेले नाही. परतताना ती म्हणाली, "आबा, भुतावर विश्वास ठेवलात. माझ्यावर नाही ठेवलात." मला फार लाज वाटली व अजून वाटते.

५. तरी माझा अर्ज रद्द करावा, मुलीस शालान्त परीक्षेस बसू द्यावे व जी कारवाई असेल ती माझ्यावर करावी. शुक्रवार-शनिवारच्या सुटीनंतर येत्या रविवारी शाळा भरताना सर्व मुलींसमोर मी हे सांगू इच्छितो. सुरायाही माझ्या शेजारी उभी राहते म्हणते. किती वेळ उभे राहवेल याचा नेम नाही. तिच्यासाठी एक खुर्ची ठेवण्याची परवानगी मिळावी.

आपला अपराधी व नम्र,
वान झुल्करनैन बिन वान देरामान
दि. ३ ऑगस्ट