स्वागत समारंभात फोडलेल्या वरवंट्याबाबत

प्रति,
मा. प्रतापराव साहेब,
प्रशासकीय अधिकारी,
भू व ग्रहविज्ञान संशोधन संस्था,
हैदराबाद.

दि. १२ सप्टेंबर १९९६

विषय : नवीन पोस्ट-डॉक्टरल संशोधकांच्या स्वागत समारंभात फोडलेल्या वरवंट्याचे तुकडे परत मिळणेबाबत, ते शक्य नसल्यास परिच्छेद ७ प्रमाणे अहवाल मिळणेबाबत.
संदर्भ : माझा इंग्रजी अर्ज व त्यास विभागप्रमुखांचे इंग्रजी उत्तर.

महोदय,

१. मी, आदर्श संभाजी बनसोडे, भूकंपशास्त्रात पीएच.डी. असून गेल्या महिन्यात आपल्या संस्थेत पोस्ट-डॉक्टरल संशोधक म्हणून रुजू झालो. गौलीगुडा येथे आई श्रीमती मनकर्णाबाई यांच्यासह राहतो. आधीच्या अर्जाला उत्तर इतके सभ्य आले, की त्यात माझे म्हणणे कुठेच सापडले नाही. आपण मराठी आहात असे कळले, म्हणून हा अर्ज मराठीत करीत आहे.

२. विभागाची रीत आपणास ठाऊक असेलच, तरी नमूद करतो. नव्या संशोधकाने आपल्या गावचा एक दगड आणायचा. विभागप्रमुखांनी तो सर्वांसमोर हातोडीने फोडायचा. मग तुकडे हातोहात फिरतात. आतली ताजी बाजू जिभेने ओली करून, भिंगातून बघून दगड कोणता व कुठला ते ओळखायचे, आणि जो आधी ओळखेल त्याने नव्या माणसाला घरी जेवायला बोलवायचे. पूर्वी हे मागच्या अंगणात चहाबरोबर उरकत असे म्हणतात. यंदा ग्रॅनाइट निर्यात करणाऱ्या एका कंपनीने खर्च उचलल्यामुळे सभागृह, फलक, व्हिडिओवाला आणि सुटाबुटातले पाहुणे असा थाट होता. रीत वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. मला ती आवडलीही होती व त्यासाठी आमच्या शिवारातला एक काळा दगड मी पिशवीत घालून आणत होतो.

३. त्या दिवशी मी क्षेत्रकामाहून परतत होतो आणि काचीगुड्याला येणारी गाडी रखडली. कार्यक्रम खोळंबू नये म्हणून विभागाने शिपायाला माझ्या घरी पाठवले. तो आईला म्हणाला, "अम्मा, साब लोगां गाँव का फत्तर मंगारैं. देखते कते." म्हणजे साहेब लोकांनी गावचा दगड मागवलाय, बघणार आहेत म्हणे. आईला इथली बोली अजून अर्धीच कळते. तिला एवढेच ठाऊक, की भूकंप का होतो ते शोधणाऱ्या कचेरीत आपला मुलगा लागला आहे. तिची समजूत झाली, की कचेरीने तपासणीसाठी 'तो' दगड मागवला. घरात बुद्धमूर्तीशेजारी ठेवलेला वरवंटा तिने पांढऱ्या फडक्यात गुंडाळून दिला आणि स्वतःही शिपायाबरोबर रिक्षात बसली.

४. तो वरवंटा म्हणजे काय, हे सांगणे भाग आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लातूर जिल्ह्यातले आमचे घर पडले. आई मावशीकडे गेली होती, मी इथे शिकत होतो. धाकटी बहीण माधवी दहावीला होती. शाळेत चाचणी म्हणून ती एकटी मागे राहिली. ढिगाऱ्याखालून ठोकल्याचा आवाज येत होता, असे शेजारचे सांगतात. लोक हातांनी दगड उपसत होते. पुढे आवाज थांबला. ती सापडली तेव्हा वरवंटा तिच्या मुठीत होता आणि त्याच्या एका टोकाला ठोकून ठोकून पांढरे टवके उडालेले होते. तिला इतरांबरोबर एकाच चितेवर अग्नी दिला. तिचा फोटो नाही. आमच्याकडे राहिला तो वरवंटा.

५. मी सभागृहात पोचलो तेव्हा तुकडे फिरत होते. एका सहकाऱ्याने नेमकी टवक्यांची बाजू जिभेला लावली आणि "डेक्कन ट्रॅप!" असे ओरडला. टाळ्या झाल्या. आई पहिल्या रांगेत बसलेली. ती आता टाहो फोडेल असे वाटून मी धावलो, तर तीच माझी समजूत घालू लागली. "चिरल्याबिगर कसं कळंल रं? डाक्टर बी चिरूनच बघत्यात की." मला तिथेच हुंदका फुटला. तो व्हिडिओत आला असून 'नव्या संशोधकाचे आनंदाश्रू' म्हणून पाहुण्यांना दाखवण्यात येतो असे कळते.

६. सध्याची स्थिती अशी. एक तुकडा कंपनीच्या प्रतिनिधींनी आठवण म्हणून नेला. एकाची पूड करून झाली. एक कापून सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर चिकटवला. टवक्यांचे टोक विभागप्रमुखांच्या टेबलावर आहे. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून. मी मागितल्यावर उत्तर मिळाले, की नमुना आता संस्थेची मालमत्ता आहे, मात्र तसाच दुसरा दगड संस्था आनंदाने देईल, कारण दोहोंत रासायनिक फरक नाही. हे शास्त्राला धरून आहे. मला ते खोडता येत नाही, आणि त्याचाच मला संताप येतो.

७. मी घरी गेलो की आई विचारते, "आलं का तपासून? पोरीनं लई वेळ ठोकलं का रं?" एवढेच तिला हवे आहे. दगडातून हे कधीही कळणार नाही, हे मी जाणतो. एवढे शिकूनही तिला तसे सांगण्याची माझी छाती होत नाही. "चालू आहे," म्हणून मी वेळ मारून नेतो. तरी विनंती, की निदान टवक्यांचे टोक परत द्यावे. तेही नियमात बसत नसल्यास संस्थेच्या छापील कागदावर, गोल शिक्क्यासह, मराठीत अहवाल द्यावा. आई शिक्का नीट पाहील व शेजारच्या सुजाताबाईंकडून वाचून घेईल, म्हणून कागद खराच हवा. मजकूर खोटा आहे, याची पूर्ण जबाबदारी माझी. त्यापायी मला कामावरून कमी केले तरी माझी तक्रार राहणार नाही.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
(सही)
आदर्श संभाजी बनसोडे

सोबत : अहवालाचा मसुदा, आपल्या सहीसाठी.
"दगड तपासला. मुलीने फार वेळ ठोकलेले नाही. तिला लवकरच झोप लागली."