दोन पानांचं बोलणं

सौंसर, रविवार संध्याकाळ, १९८४

काल नागपूरला तो झेक सिनेमा पाहिला, त्याचा राग अजून उतरला नाही. ज्या कादंबरीवरून तो काढला, तिचा हिंदी अनुवाद मी दोनदा वाचला आहे. बायको शिकायला प्रागला निघते, तेव्हा नवरा तिच्याशी चांगली दोन पानं बोलतो. त्या दोन पानांसाठीच तर मी यांना बसनं ओढत नेलं. आणि सिनेमात? नवरा चकार शब्द काढत नाही. खाली बसून नुसते तिचे बूट पुसत राहतो! येताना बोरगाव येईपर्यंत मी बडबडत होते, "पुस्तकाचा जीवच काढला या सिनेमावाल्यांनी." हे खिडकीबाहेर पाहत बसले.

यांचं तरी काय वेगळं आहे? बी.एड.साठी नागपूरला राहू का, हे विचारून महिना झाला. ना हो, ना नाही. ती दोन पानं मला खरं म्हणजे कोणाच्या तोंडून ऐकायची होती?

आज दुपारी अंगणातून टर्पेंटाइनचा वास आला. हे माझ्या पत्र्याच्या पेटीवर पांढऱ्या रंगानं नाव लिहीत बसले होते.

"काय करून राहिले तुम्ही?"

ब्रश चालूच. जवळ जाऊन वाचलं: सौ. कुसुम, बी.एड.

"अहो, अजून कॉलेजात पाय नाही ठेवला मी!"

"रंग वाळाले वेळ लागते," हे म्हणाले, आणि शेवटचा ठिपका त्यांनी जरा मोठा केला.