सहाशे व्होल्ट पुष्कळ झाले

२ जून २०२५
नागापूर एमआयडीसीतली शेड आजपासून माझी. भाड्याची, पण माझी. कंपनीतली मेंटेनन्सची नोकरी सोडल्याचं दुःख अजिबात नाही. दुपारी थोडं झालं, कँटीनच्या वेळेला.
पहिली ऑर्डर शेजारच्या नूरुद्दीनभाईंची. खिडक्यांच्या चौकटींना पावडर कोटिंग करतात. कंट्रोलला वीज पुरवणारा सप्लाय जळाल्यापासून भट्टी हातानेच चालू-बंद करतात. थेट थ्री-फेजवर चालणारा स्विचिंग सप्लाय हवाय. माझा चालला तर बाकीच्या भट्टीवाल्यांनाही सांगणार आहेत.

४ जून
सप्लायचा जीव म्हणजे पॉवर ट्रान्झिस्टर. सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतो. निवडला. लाइन ४४० व्होल्ट, हा सहाशे सोसणारा. पुष्कळ झाले.
बायको, अश्विनी, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे घरातही शिकवते. म्हणाली, एसीचं डीसी केलं की सव्वासहाशेच्या घरात जातं, शिवाय बंद होताना ट्रान्सफॉर्मर उलटा झटका देतो तो वेगळाच. म्हणालो, पुस्तकात असेल.

५ जून
फुटला. माल डुप्लिकेट असणार.

९ जून
हजार व्होल्टचा आणला. माझा स्वतःचा विचार. दिवसभर चालला. पेढे आणले.

१० जून, सकाळी
कारखाने सुरू व्हायच्या आधी लाइनचं व्होल्टेज चढतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. अश्विनीने सांगितलं होतं, पण भाजी फोडणीला टाकताना. फुटला. पेढे उरलेत.

१८ जून
जुन्या टीव्हीतला पंधराशेचा लावला. फुटत नाही! फक्त बंद व्हायला वेळ लावतो आणि तेवढ्यात तापतो. पंखा लावला. मग आणखी एक. आता पंख्यांसाठी वेगळा सप्लाय लागेल.
अश्विनी म्हणाली, सतराशेचा सिलिकॉन कार्बाइडवाला घे, पहिल्याच आठवड्यात म्हटलं होतं. म्हणालो, विचार चालू आहे.

३० जून
सिलिकॉन कार्बाइड आला. अफाट चीज. टेबलावर गार, निवांत चालतोय. माझी निवड अखेर बरोबर ठरली.
उद्या बसवायचा. कॅबिनेटच्या पत्र्यालाच आवळणार, अख्खा पत्रा उष्णता ओढेल. मधली इन्सुलेटरची चकती काढून टाकली, उष्णतेला उगाच अडसर. अश्विनी राहुरीला माहेरी. विचारायची गरजही नव्हती.

१ जुलै
ट्रान्झिस्टरच्या पाठीवर हजाराच्या आसपास व्होल्ट असतात. पत्रा अर्थिंगला. हे मला माहीत होतं. तेव्हा आठवलं नाही.
भट्टी चालूच राहू द्या, दोन मिनिटांचं काम आहे, असं मीच म्हणालो होतो. बटण दाबताच आवाज. नूरुद्दीनभाईंच्या अख्ख्या शेडची वीज गेली. भट्टीत एका शाळेच्या खिडक्या होत्या. पावडर अर्धवट वितळून संत्र्याच्या सालीसारखी झाली. सगळा लॉट वाया.
नूरुद्दीनभाई ओरडले असते तर बरं झालं असतं. एक चौकट हातात धरून नखाने खरवडत राहिले. मग म्हणाले, मच्छिंद्रभाऊ, तुमी लई मेहनत केली. आता नको.

७ जुलै
त्यांनी पुण्याहून तयार सप्लाय आणून बसवला. मला बोलावलं नाही. मी कामात असेन असं वाटलं असावं.
कंपनीत जाऊन आलो. माझ्या जागेवर दिपाली आहे, मीच शिकवलेली. म्हणाली, सर, मेंटेनन्सला जागा नाही, पॅकिंगला आहे. म्हणालो, तात्पुरतं चालेल. ती बरं म्हणाली आणि फोन घ्यायला आत गेली.

८ जुलै
अश्विनी आली. काहीच शिकवलं नाही. शेडची किल्ली मागितली, मालकाला द्यायला. मी खिशात हात घालून बराच वेळ बसलो. ती उभीच होती. मग दिली.