देवयानीच्या नाकाला लावलेली चप्पल

तीर्थरूप आप्पा,

नमस्कार. मी नाशकात ठीक आहे, डबा बरा मिळतो. फोनवर तुम्ही ऐकून घेत नाही, म्हणून लिहितोय, आणि रागातच लिहितोय.

सात रस्ता चौकात, भर दुकानात देवयानीच्या छातीत धडधडायला लागलं, श्वास पुरेना, आता मरते असं वाटलं. तुम्ही काय केलंत? फिट आली म्हणून पायातली चप्पल काढून पोटच्या पोरीच्या नाकाला लावलीत, चार माणसांत! वर घरी येऊन म्हणालात, "पोरींची नाटकं लई."

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, ही फिट नाही, पॅनिक अटॅक वाटतो. बायकांना जास्त येतो, ऐन तरुणपणात येतो, पण पुरुषांनाही येतो की!

कुठले डॉक्टर, विचारा. माझे. दोन महिन्यांत मला तीनदा आलाय. परवा ऑफिसच्या जिन्यातच बसलो. वॉचमननं पाणी दिलं आणि गप शेजारी बसून राहिला. एवढंच करायचं असतं, आप्पा.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला माझं काही सांगू नका.

शनिवारी येतोय. मला घरात अटॅक आला तर कुणाची चप्पल काढणार, तेवढं ठरवून ठेवा.

तुमचाच,
सुबोध