सोमवारचा दम

॥ श्री ॥
सातारा, ४ ऑगस्ट १९९८

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आमच्या कॉलेजातल्या इंटरनेटला तुम्ही 'पोस्टमनशिवायचं टपाल' म्हणून हसलात, पण ऐका. त्यावर गिरण्यांतल्या आजारांविषयी देशोदेशीची माणसं एकमेकांना लिहितात. मी तिथे आपल्या मानसिंगकाकांचं विचारलं. कापूस पिंजायच्या खात्यात तीस वर्षं, सुट्टीनंतर सोमवारी दम वाढतो, आणि मालक म्हणतात, रविवारची दारू. दोन दिवसांत बावीस उत्तरं आली. बाबा, हा कापसाच्या धुळीचा आजार आहे, आणि सोमवार हीच त्याची खूण!

एका डॉक्टरांचं उत्तर छापून कालच काकांना धाडलं. घाईत सोबत चिठ्ठी घालायची राहिली. कागद इंग्रजीत आहे, तुम्ही जाऊन अर्थ सांगा. चंद्राकाकूसुद्धा त्यांना पिणारे समजते, ते त्यांना फार लागतं.

माया आहेच, ती अशीच राहू द्या.
आपली,
भार्गवी


माधवनगर, १९ ऑगस्ट १९९८

चि. भार्गवीस,
अनेक आशीर्वाद.

माथ्यावर श्री नाही, यावरून ओळखलंच असशील. मानसिंग परवा सोमवारी सकाळी गेला.

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं होतं. म्हणाला, पोरगी लय गुणाची हाय, माजं मन राखती. खरं असंल तर कागद कुठं हाय? रोज ओसरीत खाटेवर बसून पोस्टमनची वाट बघायचा.

कागद काल सापडला. त्याच्या खाटेच्या वरच, वळचणीत खोचलेला. चंद्रावहिनींना इंग्रजी येत नाही, पण श्री नाही एवढं दिसलं. कुणीतरी गेलं असणार, आजारी माणसाला कळायला नको, आणि असा कागद घरात ठेवत नाहीत, म्हणून बाहेर लपवला. मी विचारलं तेव्हा, आला न्हाई म्हणाल्या.

शाळेतल्या मास्तरांनी तो वाचून अर्थ सांगितला तशा त्या भिंतीला टेकून बसल्या. म्हणाल्या, त्येंच्या तोंडाला कवा वास आला न्हाई, तरी मी लोकांचंच ऐकलं.

बाबा


॥ श्री ॥
सातारा, २३ ऑगस्ट १९९८

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सगळं जग गाठलं आणि घरची रीत विसरले. चार ओळी मराठीत लिहिल्या असत्या तर काका सुखाने गेले असते. मला रडूही येत नाही.

इंटरनेटवरच्या त्या माणसांना कळवलं. पुण्याच्या एक डॉक्टर तपासणीला यायला तयार आहेत. त्या विचारतात, असे अजून कितीजण? यादी हवी.

मला मनातून काढू नका.
भार्गवी


माधवनगर, ३० ऑगस्ट १९९८

चि. भार्गवीस,
अनेक आशीर्वाद.

तेराव्याला खात्यातली माणसं जमली होती. सोमवारी कुणाकुणाला दम लागतो, मी विचारलं. मग एक हात वर झाला, मग एकोणचाळीस. इतकी वर्षं प्रत्येकाला ती आपलीच खोड वाटत होती.

यादी सोबत आहे. मेलेल्या माणसाची तपासणी होत नाही हे सांगूनही चंद्रावहिनींनी पहिलं नाव मानसिंगचंच घालायला लावलं. यादीच्या माथ्यावरचा श्री त्यांनी स्वतः काढलाय. त्यांना तेवढंच एक अक्षर येतं.

जेवणखाण सोडू नकोस. आमचा जीव तुझ्यातच आहे.
बाबा