हक्काचा फासा

अण्णा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि मला तुमचा राग परवा आला. दादा सांगलीला माझ्याकडे आला होता. जेवताना त्यानं हसत हसत एक जुनी गोष्ट सांगितली. त्याला ती गंमत वाटत होती, माझा घास हातातच राहिला. भांडायला तुम्ही नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

उंब्रजची इतर पोरं रविवारी दुपारी क्रिकेट खेळायची आणि आपण तिघं स्वयंपाकघरात जमिनीवर बसायचो. तुम्ही शिरवळच्या कंपनीतली वॉचमनची ड्यूटी संपवून शनिवारी संध्याकाळी घरी यायचात, तोवर मला धीर नसायचा. मिलिटरीत असताना साहेबांच्या मुलांना सुट्टीत एक गडी कमी पडायचा म्हणून त्यांनी तुम्हाला खेळायला बसवलं, आणि पेन्शनीत निघताना तुम्ही तो खेळच घरी घेऊन आलात. एक जाड इंग्रजी पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा. डिक्शनरी घेऊन तुम्ही ते पुस्तक फुलस्केप वहीत मराठीत उतरवलंत. पट नाही, सोंगट्या नाहीत. तुम्ही गोष्ट सांगायची, आम्ही तिच्यातली माणसं व्हायचं, आणि अडेल तिथं फाशानं ठरवायचं. दादा तलवारबाज, मी मांत्रिकीण. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "लेकरांस्नी कसलं याड लावलंय आवं ह्ये."

माझ्याकडे मोहिनी होती. पहिल्यांदा वापरली तेव्हा मी वेशीवरच्या पहारेकऱ्यासमोर दोन्ही हात वर करून मंत्र म्हटला. त्यानं तलवार उपसली आणि आम्ही तीन रविवार तुरुंगात काढले. तुम्ही माझ्यावर खेकसलात, "आगं, हात वर करून बोंबलल्यावर कोण भुलंल? मंतर बोलण्यात मुरवायचा. समोरच्याला वाटलं पायजे, ह्ये माझंच डोस्कं." मग मी शिकले. पुढच्या वेशीवर मी पहारेकऱ्याकडे पाणी मागितलं, पदर सारखा केला आणि मागण्यातच मंत्र मुरवला. त्यानं आपणहून दार उघडलं, वर आमचेच आभार मानले. तुम्ही खूश होऊन स्वतःच्या ताटलीतला खरवस मला दिलात.

मला मंत्रानं आणि दादाला त्याच्या तलवारबाजाच्या ताइतानं, मोहिनी आपल्या सोबत्यावरही घालता यायची. मग ती चिठ्ठीवर लिहायची आणि तुमच्यासमोर आडोशाला उभा केलेला पाट असायचा, त्याच्यामागे गुपचूप सरकवायची. ज्याच्यावर घातली त्याला काही सांगायचं नाही. तुम्ही नुसतं म्हणायचं, "तुला वाटतंया..." पण सुटायला प्रत्येकाला एक फासा मिळायचा, तो तुम्ही पाटामागे टाकायचात. "त्यो हक्काचा. राजा असू दे न्हाईतर चोर," हे तुमचेच शब्द.

मी बारावी झाले त्या वर्षी मला पुण्याला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली. त्याच आठवड्यात खेळातही नदीपलीकडच्या एका गुरूनं माझ्या मांत्रिकिणीला बोलावलं, सात वर्षं शिकायला. मी म्हटलं, ती जाणार. तुम्ही पाटामागे बघितलंत, फासा खुळखुळला आणि तुम्ही म्हणालात, "तुला वाटतंया, ह्यास्नी सोडून जाण्यात काय अर्थ न्हाई." माझी मांत्रिकीण घाटावरून परत फिरली. मधल्या दिवसांत आत्या येऊन हॉस्टेलवर आजारी पडलेल्या कुणाच्या तरी मुलीची गोष्ट सांगून गेली. गणिताच्या सरांनी रस्त्यात थांबवून कराडच्या कॉलेजचं कौतुक केलं. पुढच्या रविवारी मीच तुम्हाला सांगितलं की मला पुण्याला जायचं नाही. तुम्ही म्हणालात, "तुझं तू ठरीव, बाई. मी मधी पडनार न्हाई."

मला केवढा अभिमान होता या वाक्याचा! कराडलाच शिकून मी शिक्षिका झाले आणि शाळेतल्या माझ्या मुलींना वर्षानुवर्षं सांगत आले की माझ्या वडिलांनी मला कधी अडवलं नाही.

परवा दादा म्हणाला, "चिठ्ठी मीच लिवली हुती, पर मजकूर अण्णांचा. फासा त्यांनी टाकलाच न्हाई, मुठीत नुसता वाजवला." आत्याकडे आणि सरांकडे निरोप घेऊन तोच गेला होता. का, असं मी विचारलं. "मी भरतीला चाललो हुतो. तू बी गेलीस तर आपल्याला घर खायला उठंल, म्हनाले."

मग हे मला का सांगितलं नाहीत? नको जाऊस, एवढंच म्हणायचं होतं. मी आदळआपट केली असती, दोन दिवस जेवले नसते, शेवटी कदाचित हरलेही असते. पण हरले हे मला कळलं असतं, आणि कुणाशी हरले तेही. तुम्ही माझं भांडणच काढून घेतलंत आणि मी तुमचे आभार मानत राहिले, त्या वेशीवरच्या मूर्ख माणसासारखी. मी तुमची मुलगी होते, अण्णा. चोरालासुद्धा मिळतो तो फासा मला का नाही मिळाला? तुमचा एकटेपणा मला समजतो, आता मीही त्या वयाला आले आहे. माफ मात्र करवत नाही.

हे पत्र दादालाही दाखवणार नाही. कारण त्याला एक गोष्ट सांगितलेली नाही. पुण्याला जायचं नाही असं म्हणून मी परसात गेले, तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. एकटीनं एसटीनं कराडच्या पुढं मी कधी गेले नव्हते, आणि ॲडमिशन मिळाल्यापासून मी रोज रात्री जागीच पडून असायचे. ते सुटल्यासारखं वाटणं माझं होतं की तुम्ही घातलेलं, हे मला ठरवता येत नाही. आणि खरं सांगते, ते माझंच असेल याची मला जास्त भीती वाटते.