टोनचं बटण दहावर

रविवार, १६ नोव्हेंबर १९८६. सायंकाळी ६ वाजून १२ मिनिटे.
वेळ वाचनालयाच्या घड्याळातली. दोन-चार मिनिटं इकडेतिकडे असेल, अपमान मात्र अचूक होता. चिटणीस गुरुदास यांनी सर्वांसमोर जाहीर केलं की चौदा डिसेंबरच्या संमेलनाची सुरुवात राधाबाईंच्या गिटारने होईल. आणि मिस कावेरी, म्हणजे मी? त्या आभारप्रदर्शनानंतर वाजवतील. आभारांनंतर लोक चपला शोधतात.
शेजारची राधा चौथी पास. नवरा भिकाजी बोटीवर कुक होता. त्याने कुठल्याशा बंदरातून ती भोपळ्यासारखी पोकळ गिटार आणली आणि मरण्यापूर्वी हिला जॅझच्या चार चाली शिकवल्या. चालींची नावंही हिला ठाऊक नाहीत. मी बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये नोटेशन शिकले, मुंबईत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. माझी गिटार लाल, इलेक्ट्रिक, भाच्याने मस्कतहून पाठवलेली.
राधेच्या गिटारचा आवाज ऊबदार आहे म्हणे. माझा "जरा बारीक".
निश्चय: चौदा तारखेच्या आत जॅझचा ऊबदार आवाज काढणे. तिच्याहून ऊबदार.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
कारण सापडलं. माझ्या गिटारचं अंग जेवायच्या पाटाएवढं. पोटच नाही, तर आवाज घुमणार कुठे?
राधा खोबऱ्याच्या वड्या घेऊन आली. निमित्त वड्यांचं, काम हेरगिरीचं. माझं वाजवणं ऐकलं आणि म्हणाली, "कावेरी, तां टोनाचा बटण तीनार ठेव गो. कानाक टोचता."
आवाजाचं आणि टोनचं, माझी दोन्ही बटणं दहावर असतात. दहापैकी तीन म्हणजे नापास. शाळेत मी कधी नवाखाली आले नाही, आणि ही मला तीनवर बसवणार. डाव उघड आहे. वड्या बऱ्या होत्या.

शनिवार, २२ नोव्हेंबर
कोल्हापूरहून एसटीने नव्या तारा मागवल्या, बसवल्या. आवाज आता चमचे सांडल्यासारखा येतो. पण स्वच्छ चमचे.
राधेने नवरा गेल्यापासून तारा बदललेल्या नाहीत. काळ्या पडल्यात. नारळ खवून उठते आणि तसाच तेलकट अंगठा तारांवर. त्यावर लोक मान डोलावतात.

गुरुवार, २७ नोव्हेंबर
लाऊडस्पीकरवाल्या बाबलीला ॲम्प्लिफायर तपासायला बोलावलं. "टीचर, मशीन बरा आसा. तुमी टोन फुल ठेवतास. कमी करा, मगे बगा." राधा याला कधी भेटली, याची चौकशी करणे.

सोमवार, १ डिसेंबर
संध्याकाळी राधा मागल्या पडवीत वाजवत बसते. ती सुरू झाली की माझी सुभद्रा केर काढायची थांबते. मी सुरू झाले की केर जोरात काढते. पगार मी देते.
कालची चाल सुंदर होती. असं मी फक्त इथेच लिहीन.

बुधवार, ३ डिसेंबर
उपाय सुचला. शिवा सुताराला बोलावून गिटारच्या पाठीला आंब्याच्या पेटीच्या फळ्यांचं पोकळ पोट करायला सांगितलं. त्याने गिटार उलटी करून पाहिली. म्हणाला, "बाई, ह्या वाजवूचा आसा की मार्केटाक धाडूचा?" अशिक्षितपणावर उपाय नाही.

रविवार, ७ डिसेंबर
पोट तयार. पाठीवर "देवगड हापूस, ५ डझन" ही अक्षरं राहिली आहेत, पण ती माझ्याकडच्या बाजूला येतात. खांदा दुखतो. आवाज जवळजवळ ऊबदार. राधा कुंपणापाशी उभी राहून ऐकत होती. मग तशीच आत गेली. जळली असणार.

सोमवार, १५ डिसेंबर. सकाळी ७.
काल विजय झाला. क्रमाने लिहिते.
बाजारपेठेच्या वळणावर रिक्षा उसळली, पेटीचं पोट निखळून रस्त्यावर पडलं आणि मागच्या टेम्पोखाली गेलं. तारा छेडायची प्लास्टिकची पट्टीही त्यातच ठेवली होती. आभार झाले, निम्मं सभागृह उठलं. राधेने न विचारता माझी गिटार आणि वायर उचलून स्टेजवर आणली, जोडून दिली. तेवढ्या वेळात मी श्रोत्यांना जॅझचा इतिहास सांगितला, चार मिनिटं.
मग पट्टीविना, अंगठ्याने सुरुवात केली.
पहिला स्वर माझा आहे हे मलाच कळेना. मऊ, गोल, पडवीतल्यासारखा. एका पायात चप्पल घातलेले लोक खाली बसले. सुभद्रा दाराशी थांबली होती, ती शेवटपर्यंत हलली नाही. राधा म्हणाली, "बरा वाजवलंस गो." तोंड पडलं होतं म्हणावं, तर तसं दिसलं नाही.
निष्कर्ष: पेटीची गरजच नव्हती. शिक्षण शेवटी बाहेर येतंच.

त्याच दिवशी, ११ वाजता.
गिटार पुसायला काढली. टोनचं बटण तीनवर.

मंगळवार, १६ डिसेंबर
काल रागाने बटण दहावर नेलं. वाजवलं. चमचे. सुभद्राने केरसुणी उचलली. तीनवर परत नेण्यासाठी तीनदा हात पुढे केला. जात नाही. तीनवर नेलं तर पहिल्या दिवसापासून तिचंच खरं, असं होईल.
पत्राचा मसुदा:
"सौ. राधाबाई यांस," (सौ. नव्हे. श्रीमती. खोडणे.)
"श्रीमती राधाबाई यांस, १४ तारखेला आपण माझ्या गिटारच्या बटणास माझ्या परवानगीशिवाय हात लावलात. कोणत्या अधिकाराने, याचा खुलासा लेखी करावा. उत्तर शनिवार, २० डिसेंबर, सायंकाळी पाचच्या आत पोचलं पाहिजे. टपालाने चालणार नाही; समक्ष आणून द्यावं. गिटार बाहेरच्या खोलीत, बटण दहावर ठेवलेली असेल. मी त्या वेळी दहा मिनिटं आत चहा करीत असेन."